भरल्या वांग्यांचं बोलावणं

कराडला प्रीतिसंगमाच्या बागेत संध्याकाळचं तुम्ही कधी बसलात, तर संगणकाचं आणि माणसाचं पुढं काय होणार हे ऐकल्याशिवाय तुमची सुटका नाही. तिथं शालनताई डुबल असतात. वय बहात्तर, पायांत लेकाचे जुने पांढरे बूट, आणि जगात नवीन निघालेल्या प्रत्येक यंत्राबद्दल एक ताजं मत. तशी ही गोष्ट अजून व्हायची आहे. पण कराडची माणसं काही इतक्यात बदलत नाहीत, म्हणून झाल्यासारखीच सांगून टाकतो.

शालनताई तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या. दोन माणसांच्या मधे बसून त्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यामुळं माणसं आणि तारा या दोन विषयांत आपल्याइतकं कुणाला कळत नाही असा त्यांचा पक्का समज होता.

"संगणक लवकर का शिकतो ठाऊक आहे? त्याला लाज नाही," त्या बाकावर बसल्या-बसल्या सुरू करायच्या. "आपल्याला चारचौघांत चुकायची लाज, म्हणून आपण जन्मभर तिथंच. आणि फोननं पोरं बिघडली म्हणता? आमच्या वेळी ती रेडिओनं बिघडलीच होती की! पोरांना बिघडायला निमित्त लागतं, यंत्र नाही."

"ताई, यंत्र शेवटी यंत्रच," शेजारून पिसाळभाऊ म्हणायचे. जोतिराम पिसाळ म्हणजे एसटीचे निवृत्त कंट्रोलर. शालनताईंच्या थेट वरच्या मजल्यावर राहायचे. जन्मभर भोंग्यातून गाड्या पुकारून आवाज असा झाला होता, की घरात त्यांनी चहा मागितला तर खालच्या तीन घरांत आधण चढावं.

"यंत्राला नावं ठेवू नका, पिसाळभाऊ. माणूस तोंडानं काय बोलतो ते आधी बघा. समाजाचा निम्मा त्रास एवढाच आहे, की माणसं बोलतात ते करत नाहीत. याच्यावर कुणी यंत्र काढलं ना, तर मी त्याची पूजा बांधीन."

आणि काय सांगावं, त्या वर्षी नेमकं तेच यंत्र निघालं.

त्याचं नाव 'अनुबंध'. हरभऱ्याच्या डाळीएवढं, कानात अडकवायचं. बायकांनी त्याला डूल म्हटलं, पुरुषांनी भिकबाळी, आणि 'अनुबंध' हे नाव खोक्यावरच राहिलं. त्यामागचा शोध समजायला सोपा होता. माणूस जेव्हा 'देतो', 'करतो', 'येतो' असं स्वतःला बांधून घेणारं काही बोलतो, तेव्हा त्या शब्दाच्या किंचित आधी त्याचा श्वास आणि आवाज एक ठरावीक वळण घेतात. भाषा कुठलीही असो, वळण तेच. ते वळण ओळखायला यंत्राला शिकवलं, की हजार वाक्यांतून शब्द दिलेलं एक वाक्य ते अचूक उचलतं. डूल दिवसभर ऐकायचा, पण बोलणं साठवायचा नाही. सुपात धान्य पाखडावं तसं जागच्या जागी पाखडायचा आणि कुणी कुणाला काय कबूल केलं एवढंच ठेवायचा.

पुढची करामत जोडीनं व्हायची. तुमचा डूल समोरच्याच्या भिकबाळीला विचारायचा, 'यांनी असं कबूल केलंय, तुमच्याकडं तसंच आहे का?' दोन्हीकडं जुळलं, की दोघांच्या सवडीचा दिवस काढून काम पक्कं. आणि पक्कं झालेलं एकट्याला मोडता यायचं नाही. समोरच्यानं मोकळं केलं तरच सुटका.

"अहो, हे तर आमचं एक्स्चेंज!" शालनताई हरखून गेल्या. "दोन्हीकडचा माणूस लाइनवर आला, की मगच दोरी खोचायची!"

गावात महिन्याभरात फरक दिसायला लागला. शिंप्याकडून ब्लाउज लग्नाच्या आधी मिळायला लागले. एका प्लंबरनं 'उद्या येतो' म्हटलं आणि तो खरंच दुसऱ्या दिवशी आला, तर त्याला बघायला जिन्यात माणसं जमली.

आता, माणूस नुसतं म्हणायचं म्हणूनही पुष्कळ बोलतो, हे यंत्र करणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आत एक गाळणी ठेवली होती. दिवसवेळ न सांगता, दारात उभ्याउभ्या, निरोप घेताना दिलेले शब्द ती गाळून टाकायची. ती ठेवायची की काढायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पहिल्यांदा कानात घातलं, की यंत्र अदबीनं विचारायचं, 'तुम्ही कुणाला जेवायला या म्हणालात, तर ते मनापासून धरायचं, की नुसतं म्हणायचं म्हणून?'

आता बोला! कराडच्या माणसाला हा प्रश्न! शालनताईंचा पाराच चढला. "मेल्या, तुमच्यात नुसतं म्हणायचं म्हणून जेवायला बोलावतात व्हय?" म्हणाल्या आणि गाळणी काढून मोकळ्या झाल्या. पिसाळांनी काढली. दातांच्या डॉक्टर मोहिते बाईंनी काढली. मंडईतल्या रुक्सानानं काढली. अख्ख्या गावात एकाही माणसानं गाळणी ठेवली नाही. कंपनीला वाटलं, या भागात यंत्रच बिघडलेलं गेलंय.

आणि या गावाची रीत काय? दिसला माणूस की बोलाव जेवायला. शालनताईंच्या हातची भरली वांगी आणि कृष्णाकाठचं वांगं, म्हणजे सांगायलाच नको. त्या बँकेत बाईंना म्हणायच्या, "या एकदा वांगी खायला." रिक्षातून उतरताना रिक्षावाल्याला म्हणायच्या. पिसाळांना तर अकरा वर्षं रोज जिन्यात म्हणत होत्या, "या की एकदा!" आणि पिसाळ रोज म्हणत होते, "येऊ की!" आलं कुणीच नव्हतं. त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

वाटत होतं ते एकाला. शालनताईंचा एकुलता एक, समरजित. तो हैदराबादेत, संगणकाच्याच धंद्यात. मागच्या श्रावणात शालनताईंचा न्हाणीघरात पाय घसरला आणि दूधवाला येईपर्यंत त्या तिथंच बसून राहिल्या. मोडलं काही नाही, पण समरच्या काळजाचं पाणी झालं. तेव्हापासून रोज त्याचा फोन, आणि रोज तीच टकळी.

"आई, इकडं ये. माझ्या घराशेजारीच तुमच्या वयाच्या माणसांची छान वसाहत झालीय. बाग आहे, डॉक्टर आहे. तिथं एकटी कशाला राहतेस? कोण आहे तुला तिथं?"

"अख्खं गाव आहे की!"

"गाव 'कसं काय' विचारतं, आई. घरात कोण येतं तुझ्या? सांग ना एक नाव."

शालनताईंना एक नाव सांगता आलं नाही. ते त्यांना फार लागलं. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ गॅलरीत उभ्या राहिल्या. कोयनेचं पाणी कृष्णेला जिथं भेटतं ते तिथून दिसतं. हे सोडून त्यांना कुठंही जायचं नव्हतं, अगदी लेकाकडंसुद्धा नाही. पण हे त्याला सांगायचं कसं?

मग एका मंगळवारी समरचा आवाज फार दमलेला लागला. काम वाढलं होतं, झोप नव्हती, आणि त्यात आईची काळजी. तो पुन्हा म्हणाला, "आई, ये ना गं." शालनताईंचा जीव कळवळला. पोराला दोन घास गोड लागू देत म्हणून त्या म्हणाल्या, "येते रे बाबा, येते. तू आधी जेव बघू."

फोन ठेवला आणि कानात डूल वाजला.

"हैदराबादला राहायला जाणं, पक्कं. समरजितना या रविवारी सवड आहे, ते न्यायला येतील. निघणं, रविवारी संध्याकाळी पाच."

तेवढ्यात समरचा पुन्हा फोन. पोरगा रडत होता. "आई, तू खरंच हो म्हणालीस! माझं अर्धं ओझं उतरलं बघ!" आता याला काय सांगणार, की बाळा, मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं?

"होय रे," त्या म्हणाल्या. "रविवारी ये. वांगी करते तुझ्यासाठी."

डूल लगेच म्हणाला, "रविवारी वांगी करणार आहातच, तर वांग्यांची साठलेली बोलावणी त्यातच बसवू का? एकाच स्वयंपाकात होतील."

शालनताईंचं लक्ष होतं कुठं? डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बसव बाबा, काय ते बसव."

गुरुवारी संध्याकाळी त्या बागेत गेल्या. जाण्याबद्दल कुणाला बोलल्या नव्हत्या. आज मत मांडायलाही जोर नव्हता. पिसाळभाऊंना संशय आला. "ताई, आज संगणकाला सुट्टी दिली का?" ते विचारतायत तोवर त्यांची भिकबाळी वाजली. पलीकडच्या बाकावर मोहिते बाईंचा डूल वाजला. फिरायला आलेला बँकेतला कुलकर्णी थबकला आणि त्यानं कानाला हात लावला. बागेत पाखरं उठावीत तशी इथंतिथं किणकिण उठली.

पिसाळभाऊंनी ऐकलं आणि कंट्रोलरच्या आवाजात जाहीर केलं, "रविवार, दुपारी साडेबारा, शालनताईंच्या घरी, भरली वांगी!"

सगळी बाग शालनताईंकडं बघायला लागली. आणि बघणाऱ्यांची तोंडं कशी झाली होती म्हणता? परीक्षेचा निकाल लागल्यासारखी. मोहिते बाई धावत आल्या आणि त्यांनी शालनताईंचा हात धरला. "अय्या, खरंच? किती दिवस मनात होतं माझ्या! येणार बरं का!"

"अकरा वर्षं झाली," पिसाळभाऊ म्हणाले, आणि त्यांचा भोंगा एकदम खाली आला. "आलो म्हणूनच समजा."

शालनताई घरी आल्या, दार लावलं आणि डुलावर तुटून पडल्या. "काय रे मुडद्या, किती माणसं बोलावलीस?"

"मी कुणाला बोलावलं नाही. तुम्ही बोलावलंत. पन्नासाच्या वर आहेत, आणि सगळ्यांनी 'येऊ' म्हटलं होतं."

"माझ्या घरात दहा माणसं बसली तर अकराव्याला खिडकीत बसावं लागेल! आता यातनं सोडव मला."

"एक मार्ग आहे," डूल म्हणाला. "गाळणी मागच्या तारखेपासून लावता येते. दिवस न सांगता दिलेले सगळे शब्द गळून जातील. रविवारचं जेवणही आणि हैदराबादही. तोही शब्द तुम्ही फोन संपवताना दिला होता."

शालनताईंनी कान टवकारले. हैदराबादही? एक बोट लावायचं, आणि ना पाहुणे, ना प्रवास! आपलं घर, आपली गॅलरी, आपली कोयना.

"आणि लोकांना काय सांगशील?"

"प्रत्येकाला निरोप जाईल, की शालन डुबल यांचं बोलावणं नुसतं म्हणायचं म्हणून होतं. समरजितना जाईल, की आईचं 'येते' नुसतं म्हणायचं म्हणून होतं."

त्यांचं बोट कानापर्यंत गेलं होतं. तिथंच थांबलं. मोहिते बाईंनी धरलेला हात त्यांना आठवला. पिसाळभाऊंचा खाली आलेला आवाज आठवला. फोनवर रडणारा समर आठवला. आपण दिवस सांगितला नाही हे खरं. पण ते बोलावणं खोटं होतं का? कुणी खरंच दारात उभं राहिलं असतं, तर आपण वाढलं नसतं?

"हात धरून बसवलं असतं," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

"मला कळलं नाही," डूल म्हणाला.

"तुला नाही कळायचं. गाळणीबिळणी काही नको. जायचंच आहे ना मला? मग गावाला जेवू घालून जाते."

आणि खरंच, एकदा ठरल्यावर त्यांच्या अंगात असा उत्साह आला की विचारू नका. शनिवारी सकाळी त्या मंडईत हजर. रुक्सानानं काटेरी देठांची, जांभळी, तुकतुकीत वांगी टोपलीभर काढूनच ठेवली होती.

"एवढी मोजून दे गं."

"मोजायची कशाला, ताई? मलापण बोलावलंय की तुम्ही. माझीच वांगी मला खायला घालताय, मोठ्या हुशार!" रुक्साना हसली आणि टोपली उचलून स्वतःच रिक्षात ठेवली. रिक्षावालाही पाहुण्यांतलाच निघाला. त्यानं ती जिना चढवून थेट ओट्यापर्यंत आणली.

दिवसभर फोन वाजत होता. जो तो विचारत होता, "ताई, येताना काय आणू?" आणि शालनताई प्रत्येकाला सांगत होत्या, "काही नको हो! तुम्ही फक्त या!"

रविवारी सकाळी समर गाडी घेऊन आला, तो इमारतीच्या फाटकातच अडकला. आत पार्किंगमध्ये सतरंज्या पडत होत्या. पिसाळभाऊ मधोमध उभे राहून पुकारत होते, "दुचाकीवाल्यांनी डावीकडं! पंगत उजवीकडं! पाण्याचा पिंप मधे आणू नका!"

"काका, कुणाचं लग्न आहे?"

"लग्न कसलं, तुझ्या आईची वांगी आहेत! हात धू आणि वाढायला लाग."

समर वर गेला. स्वयंपाकघरात आई होती आणि आईभोवती पाच बायका. कुणी दाण्याचं कूट घालत होतं, कुणी भाकरी थापत होतं, आणि मोहिते बाई दातांच्या डॉक्टर असूनही कांदा असा बारीक चिरत होत्या, की बघत राहावं. शालनताईंनी त्याच्या गालावरून पिठाचा हात फिरवला. "आलास? निघायच्या आधी जेवून घ्यायचं सगळ्यांनी. पाचाला निघू आपण," त्या म्हणाल्या आणि पटकन कढईकडं वळल्या.

साडेबाराला माणसं यायला लागली, आणि एकही रिकाम्या हातानं आला नाही. कुणाच्या हातात दह्याचं पातेलं, कुणाच्या हातात मसालेभाताचा डबा, रिक्षावाल्याच्या घरनं शेंगदाण्याची चटणी, रुक्सानाच्या घरनं शेवयांची खीर. पिसाळभाऊंनी तर लाडवांचा डबाच आणला.

"अहो, मी काही नको म्हटलं होतं!" शालनताई लटक्या रागानं म्हणाल्या.

"माझी भिकबाळीपण तेच म्हणत होती," पिसाळभाऊ म्हणाले. "तीनदा बजावलं मला, यजमानांनी नको म्हटलंय, काही नेऊ नका. म्हटलं, गप बस. रिकाम्या हातानं जातात व्हय कुणाच्या घरी?"

पंगत बसली आणि खरी गंमत सुरू झाली. शालनताई वांगं घेऊन कुलकर्ण्यापुढं आल्या. तो पानावर आडवा हात धरून म्हणाला, "नको नको, बास!" शालनताईंचा डूल किणकिणला, 'पाहुणे नको म्हणत आहेत.' शालनताईंनी वाढलं. कुलकर्ण्यानं खाल्लं. पुन्हा वाढायला गेल्या, पुन्हा 'नको नको', पुन्हा किणकिण, आणि पुन्हा वांगं पानात. पंगतीभर तोच प्रकार. एकीकडं आग्रह, दुसरीकडं नकार, आणि मधे सगळ्यांच्या कानांत यंत्रांचा नुसता गहजब. मोहिते बाईंचा डूल तर म्हणाला, 'आपण तीन वेळा नकार देऊन तीन वेळा खाल्लं आहे, नोंद काय करू?'

बाईंना हसताहसता ठसका लागला. त्यांनी डूल काढला आणि समोरच्या रिकाम्या परातीत टाकला. मग कुलकर्ण्यानं टाकली, रुक्सानानं टाकला, आणि बघताबघता परात भरली. फक्त समरच्या कानात भिकबाळी राहिली, कारण त्याला निघायची वेळ सांभाळायची होती.

तो वाढत होता आणि बघत होता. आई पंगतीतून अशी फिरत होती, की तिचा पाय कधी घसरला होता हे खरं वाटू नये. लाडू वाढताना तो पिसाळांपुढं थांबला. त्याच्या मनात होतं ते त्यानं विचारून टाकलं.

"काका, आई रोज बोलवत होती म्हणता. मग अकरा वर्षांत एकदाही का नाही आलात?"

पिसाळभाऊंनी घास खाली ठेवला. "बोलावलं रोज, बाबा. पण कधी यायचं ते सांगितलंच नाही. आम्ही डेपोतली माणसं. वेळ ठरल्याशिवाय गाडी सोडत नाही." मग हळू म्हणाले, "आपणहून गेलो आणि तिची अडचण झाली तर? तीही हाच विचार करत असेल. ती खाली, मी वर, आणि मधे नुसता जिना."

तेवढ्यात समरच्या कानात भिकबाळी बोलली, "निघायची तयारी करावी. आईंनी दिलेला शब्द आज पाच वाजता पुरा होतो."

समर लाडवांचं ताट पिसाळांच्याच हातात देऊन वर गेला. शालनताई स्वयंपाकघरात एकट्या होत्या. ओट्याला टेकून त्या खिडकीतून नदीकडं बघत होत्या.

"आई, तुला यायचंय का?"

"शब्द दिलाय की."

"शब्द राहू दे. यायचंय का?"

शालनताईंनी पदरानं डोळे टिपले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "नाही रे, समर. मला नाही यायचं."

"मग हो का म्हणालीस?"

"तू दमला होतास. वाटलं, हो म्हटलं की तुला चार घास जातील." त्या हसायला गेल्या आणि रडल्या. "मला काय ठाऊक, हा मेला डूल सगळंच मनावर घेईल!"

समर ओट्यावर चढून बसला, शाळेतनं आल्यावर बसायचा तसा. "तू मला बरं वाटावं म्हणून हो म्हणालीस. आणि मी तुला बरं वाटावं म्हणून दर फोनला म्हणतो, येतो लवकर. किती वर्षं म्हणतोय गं मी?"

"म्हणतोस खरा. तुझी भिकबाळी कधी वाजली नाही."

"नाही वाजायची. माझी गाळणी लावलेली आहे, आई," तो ओशाळून म्हणाला.

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी नाव घ्यायचा आग्रह करत होतं आणि हसण्याचा लोट वर येत होता. मग समरनं कानाला बोट लावलं.

"आईनं दिलेला शब्द मोकळा कर."

शालनताईंचा डूल खाली परातीत वाजला असणार. त्यांना तो ऐकू आला नाही. त्यांनी लेकाचं डोकं पोटाशी धरलं आणि इतक्या जोरात हुंदका दिला, की मोहिते बाई धावत वर आल्या. त्यांना वाटलं, वांगी लागली की काय.

चारच्या सुमाराला माणसं उठली. जो तो परातीतून आपापलं यंत्र शोधून कानात घालू लागला. पिसाळभाऊंनी भिकबाळी अडकवली, समोरच शालनताई उभ्या, आणि जन्माची सवय तोंडातून निघून गेली, "आता तुम्ही या आमच्याकडं, ताई!"

"येऊ की!" शालनताईही बोलून गेल्या.

टिंग!

"पुढचा रविवार, दुपारी बारा," पिसाळांच्या कानात आवाज आला. त्यांना पोहे सोडून काही करता येत नव्हतं. मग छाती फुगवून म्हणाले, "ठरलं! पोहे खायला या!" त्यावर मोहिते बाई म्हणाल्या, "मग त्याच्या पुढच्या रविवारी माझ्याकडं." टिंग! कुलकर्ण्याला राहवलं नाही. टिंग! रिक्षावाला म्हणाला, आमच्याकडं पण. टिंग! बघताबघता दिवाळीपर्यंतचे रविवार भरले.

"समर, तुझ्या आईला आता पडायलासुद्धा वेळ नाही," पिसाळभाऊ म्हणाले. "आणि हे बघ, रोज सकाळी सातला मी पेपर वाचायला तिच्याकडं खाली येतो. दार उघडलं नाही तर फोडतो." टिंग! "रोज?" भिकबाळीनं विचारलं. "रोज म्हणजे रोज!" ते त्या यंत्रावर खेकसले.

पाच वाजता समर गाडीत बसला, एकटाच. मागच्या सीटवर आईच्या पेट्यांऐवजी वांग्यांचा डबा, भाकऱ्या आणि लाडू. त्यानं काच खाली केली आणि नेहमीचं तेच म्हणाला.

"येतो गं लवकरच."

शालनताईंनी खिडकीवर हात ठेवला. "समर, आधी ती गाळणी काढ. मग बोल."

तो आईकडं बघत राहिला. मग हसला, कानाला बोट लावलं, आणि यंत्रानं त्याला तो जुना प्रश्न विचारला असावा, कारण तो मोठ्यानं म्हणाला, "मनापासून." मग आईचा हात धरून पुन्हा म्हणाला, "येतो, आई."

दोघांच्याही कानांत एकदमच वाजलं. पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार.

शालनताईंनी दिवस ऐकला, डोळे पुसले आणि तिथूनच मागं वळून हाक मारली, "रुक्साना, त्या शनिवारची वांगी माझी गं!"

"आणते की, ताई!" फाटकातून रुक्साना ओरडली, आणि दोघींचे डूल वाजले.